दोन चुलींचा वाघ्या

माझं नाव वाघ्या. कुही तालुक्यात हे नाव मिरवणं जोखमीचं, कारण उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य इकडंच पसरलंय आणि तिथं खरेखुरे वाघ आहेत. त्यांच्यातला ‘जय’ २०१६ साली बेपत्ता झाला, तेव्हा त्याच्या शोधाला किती माणसं लागली म्हणता! त्याच साली पोळ्याला मी तीन दिवस बेपत्ता होतो. परत आलो तर घरची बुढी म्हणाली, “आला काबे मेल्या? हाड!” वाघाची मोजणी होते, माझी होत नाही, त्याला कोण काय करणार?

मोजणी म्हणजे आमच्या घराचं दुखरं गळू. गोसीखुर्द धरणाचा पाया राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ला घातला. तेव्हा बुढ्याच्या मिशा काळ्याभोर होत्या म्हणे, आणि माझा खापरपणजोबासुद्धा जन्मायचा होता. ३७२ कोटींचं काम फुगत फुगत हजारो कोटींवर गेलं, २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झालं. (पेपर मोठ्यानं वाचणारे एक रिटायर मास्तर आहेत. मी त्यांच्याच पायाशी झोपतो.)

आमचं गाव त्याच धरणाच्या बुडीतलं. मी पिल्लू असताना मोजणीवाले साहेब आले. आंबा मोजला, चिंच मोजली, विहीर, गोठा, पडकी भिंतसुद्धा लिहून घेतली. मी शेपूट हलवत समोर जाऊन बसलो, म्हटलं, घ्या लिहून. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले.

पुढं २०१३मध्ये धरणग्रस्तांसाठी पॅकेज आलं. नोकरीच्या बदल्यात कुटुंबामागे २ लाख ९० हजार. आता कुटुंब म्हणजे काय, यावर पानठेल्यावर आठ दिवस खल झाला आणि बुढीचा लहाना पोरगा ज्ञान घेऊन घरी आला. चुली दोन, तर कुटुंबं दोन!

“कागदापुरतीच आहे ना वं माय,” तो बुढीला म्हणाला. एका रात्रीत ओसरीच्या कोपऱ्यात दुसरी चूल उभी राहिली. लिंपण ओलं होतं म्हणून मी त्यावर पाय देऊन पाहिला. तो ठसा शेवटपर्यंत तसाच होता. कुठल्याही सरकारी कागदापेक्षा पक्का.

कागदावरच्या चुलीला भूक नसते, पण लहान्याच्या बायकोनं, लहानीनं, एकदा तिच्यावर चहा मांडला. मग थोरल्या जावेचा, म्हणजे मोठीचा, मिठाचा डबा तिकडं गेला. “माह्या डब्याले हात कोनं लावला जी?” एवढ्यावरून दोन्ही भाऊ अंगणात उभे ठाकले. पैशाचा अर्ज फायलीत बसून राहिला, वाटणी मात्र त्या रात्रीच झाली. पाणी चढलं, गाव उठलं, नव्या वसाहतीत दोन घरं झाली आणि मधे एक भिंत. बुढा-बुढी पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं. मी मात्र रोज दोन्हीकडं. खरं सांगायचं तर या भांडणात फायदा एकट्या माझा झाला.

अडचण एकच होती, नाकाची. मोठी मिरचीच्या सातऱ्यावर जाते. लाल मिरचीचे ढीग, भोवती तोंडाला पदर बांधून बसलेल्या बाया, दिवसभर देठ तोडायचे, मजुरी किलोवर. घरी येऊन ती हात तीनदा धुते, तेल लावते, तरी तिच्या हातच्या भाकरीच्या तुकड्याला असा ठसका असतो की मी ओळीनं सात शिंका देतो. शिंका ऐकल्या की भिंतीपलीकडून लहानीचा आवाज येई, “झालं तिकडचं जेवन? आता इकडं येऊ नको.” म्हणून मी शिंका दाबून जेवायला शिकलो. कोणत्याही जावयानं एवढी शिस्त पाळली नसेल.

यंदा लहान्याचा धंदा बसला आणि लहानीही सातऱ्यावर लागली. दोघी जावा एकाच ऑटोत जातात, एक पुढं, एक मागं, बोलणं नाही.

परवा संध्याकाळी मोठीनं तुकडा टाकला. मी शिंकलो. भिंतीला वळसा घालून गेलो, लहानीनं टाकला. तिथंही शिंकलो. दोन्ही घरांतून एकदमच आवाज आला,

“काहून शिंकून रायला वं हा?”

दोघी गप्प झाल्या. बाजेवर पडल्या पडल्या बुढा एवढा हसला, एवढा हसला, की शेवटी त्यालाच ठसका लागला.