मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

इंदूरच्या मराठीत भाडेकरू फारसा राहत नाही. राहतो तो किरायेदार. आणि किरायेदाराच्या खालच्या मजल्यावर काका राहतात. सुदामानगर घ्या, लोकमान्य नगर घ्या, तिलकनगर घ्या, काका तेच. सरकारी नोकरीतून निवृत्त, फंडाच्या पैशातून चढवलेला वरचा मजला, बाहेरून जिना आणि जिन्याखाली किरायेदाराच्या स्कूटरसाठी खडूने आखून दिलेली जागा. मुलगा पुण्यात, नाहीतर बंगळुरूत. अशा काकांना लोक कंजूस म्हणतात, आणि तिथेच चुकतात. कंजूस माणूस हिशेबाला पक्का असतो. काका पहाऱ्याला पक्के आहेत. जिथून शंभर रुपये जायचे तिथे त्यांचा आठ प्रहर डोळा असतो आणि जिथून हजारो जातात तिकडे पाठ.

पहारा मात्र बघण्यासारखा. रात्री दहाला फाटकाला कुलूप. ज्या गावात सोन्याची दुकानं मिटली की सराफ्याच्या ओट्यांवर जिलबीच्या कढया चढतात, तिथे दहाची अट घालणं म्हणजे पंढरपुरात खोली देऊन विठोबाला जायची बंदी करणं. नर्मदेचं पाणी जलूदहून चढण चढत येतं, तेही बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड, त्यामुळे वर आंघोळीला किती बादल्या लागल्या हे काका खालच्या मोरीतल्या पाइपाच्या आवाजावरून मोजतात. चौथ्या बादलीला खाकरतात. पण काकांच्या पहाऱ्याला खरं बळ दिलं ते नगर निगमने. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय ते कचरा घरातच वेगळा केल्यामुळे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा. याचा अर्थ वरच्या बिऱ्हाडाचं सगळं आयुष्य रोज सकाळी वर्गवारी होऊन फाटकाशी येतं. 'शाकाहारी परिवार' ही अट मोडली का, हे विचारायची गरजच उरत नाही. ओल्याच्या डब्यात कांद्याच्या सालींखाली लपवलेलं अंड्याचं टरफल काकांना चष्म्याशिवाय दिसतं.

आता हिशेबाकडे या. समजा, नऊ हजार सहज येतील अशा दोन खोल्या काकांनी ८,३०० ला दिल्या आहेत. दयाबुद्धीने नव्हे. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या नोकरदाराला कचेरीत घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,३०० गुणिले १२ म्हणजे ९९,६००. चारशे रुपयांनी सुटलो, या आनंदात काका वर्षाला ८,४०० वर पाणी सोडतात. आणि वाचवतात काय? घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातले ३० टक्के आयकरात आपोआप सुटतात, म्हणजे १,०८,००० मधले हिशेबात येतात फार तर पंचाहत्तर हजार. त्यात पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळवलं तरी बहुतेक काका १२ लाखांच्या खूप आत असतात, आणि २०२५-२६ पासून नव्या कररचनेत तिथपर्यंत कर शून्य. जो कर नाहीच तो चुकवण्यासाठी काका दरसाल ८,४०० मोजतात, आणि मोजतात तेही सरकारला नाही, किरायेदाराला.

घासाघिशीतही तेच. जूनमध्ये एखादं बरं कुटुंब पाचशे कमी करा म्हणतं, काका हटून बसतात, खोल्या दोन महिने रिकाम्या राहतात. गेले १६,६००. पाचशेच्या हट्टातून ते भरून यायला तेहेतीस महिने लागतील, आणि तेहेतीस महिने कोणाला टिकू देणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. विजेचं बघा. वर सबमीटर, दहा रुपये युनिट, काका खूश. पण अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर दीडशे युनिटांच्या आत राहिला तरच पहिली शंभर युनिटं शंभर रुपयांत पडतात. खाली नव्वद जळली, वर ऐंशी जळली, एका मीटरवर झाली १७०, सवलत गेली. वरच्यासाठी वेगळं मीटर घेऊ म्हटलं की काका दचकतात. मीटर लागलं की हक्क लागला, असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

यावर जाणकार म्हणतील, भीतीला हसू नका. राजवाड्याच्या आसपास आजोबांच्या काळच्या भाड्यावर बसलेली दुकानं ज्याने पाहिली तो दचकणारच. खरं आहे. मध्य प्रदेशचा स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ चा, आणि घर खाली करून घ्यायचं तर कलम १२ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं. भीती रास्त आहे. उपाय मात्र ताईत बांधण्याच्या जातीचा. काकांचा ताईत म्हणजे अकरा महिन्यांचा करार. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असं १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो, म्हणून हे अकरा महिने आले. त्याने नोंदणीचा खर्च वाचतो, घर नाही. मुदत संपली, हे कलम १२ मध्ये कारणच नाही. पुण्याहून चिरंजीव फोनवर सांगतात, "बाबा, लिव्ह अँड लायसन्स करून टाका." ती सोय महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातली, ती बिजासनचा घाट चढून इकडे येत नाही. तो करारही कसा, तर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने जुन्यावरूनच उठवलेला. पहिल्या पानावर नवा किरायेदार, दुसऱ्यावर अजून आधीचाच नांदतोय.

उलट जे शस्त्र काकांचंच आहे, ते त्यांना माहीत नसतं. याच कायद्यात १९८३ मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. निवृत्त सरकारी नोकर, विधवा, घटस्फोटिता आणि अपंग यांना स्वतःच्या गरजेसाठी घर परत हवं असेल तर दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत परवानगी मागितल्याशिवाय किरायेदाराला तिथे विरोधही करता येत नाही. पेन्शनचा जो आदेश काका फक्त हयातीच्या दाखल्याच्या वेळी बाहेर काढतात, तो इथे तलवारीसारखा चालला असता. भाडं थकलं तर आधी लेखी मागणी करायची, मग दोन महिने थांबायचं, हेही कायद्यात स्पष्ट आहे. पण लेखी म्हटलं की काका अंग काढून घेतात. भाडं रोख, पावती नाही, नोंद दुधाच्या हिशेबाच्या डायरीत. किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची राहून जाते, कारण शिपाई घरी आला तर शेजारी काय म्हणतील.

निवड तरी नीट करतात ना, असं कोणी विचारेल. करतात, सोयरीक जुळवल्यासारखी. आडनाव, मूळ गाव, सकाळी किती वाजता उठता, सगळं विचारून होतं. आधी कुठे राहत होतात आणि तिथल्या घरमालकाचा फोन नंबर काय, एवढंच राहतं.

एक आक्षेप मात्र सहज खोडता येत नाही. काका पैशासाठी बिऱ्हाड ठेवतातच कुठे, असं काकू म्हणतात. वर पावलं वाजली की झोप लागते. रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर गाडी काढणारं कोणी हवं. हे मानलं तर आतापर्यंतचा सगळा हिशेब बाजूला ठेवावा लागतो, कारण सोबतीचा भाव ८,३०० हून कितीतरी चढा आहे. पण मग दहाच्या कुलपाचं काय करायचं? सोबत ज्यांची हवी त्यांच्याच आंघोळीच्या बादल्या मोजणाऱ्या माणसाचा युक्तिवाद कोर्टात उभा राहणार नाही, आणि काकू तो फार रेटतही नाहीत.

या सगळ्याचा पुरावा फाटकावरच टांगलेला असतो. मे महिन्यात पाटी लागते: किराये से देना है, केवल परिवार, सरकारी नौकरी, शाकाहारी, अंडा भी नहीं. शिकणारी मुलं भंवरकुआँकडे खोल्या शोधत येतात, पाटी वाचतात आणि गाडी न थांबवता पुढे जातात. जुलैच्या पहिल्या पावसात 'सरकारी'वर चुना फिरतो. ऑगस्टमध्ये 'केवल परिवार' जातं. गणपती बसेपर्यंत 'अंडा भी नहीं'वरूनही ब्रशचा एक हात फिरलेला दिसतो, पण इतका पातळ, की संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की अक्षरं वाचता येतात.