दीड ब्रास

परसातली जागा २२ फूट लांब आणि १४ फूट रुंद. हे मी तीनदा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळा टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं आणि ती फोनवर होती. घर बांधणाऱ्यांनी तिथे विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि एक अख्खी चप्पल पुरून ठेवलेली. त्यावर हिरवळ करायची तर सहा इंच पोयटा माती हवी, असं ठरलं.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. मी ऐटीत लांबी, रुंदी, खोली गुणली आणि उत्तर साडेअठरा ब्रास आलं. एवढ्या मातीत मी उभ्याचा आडवा न होता पुरला गेलो असतो. मग लक्षात आलं, सहाने गुणलं होतं. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. नवं उत्तर : १.५४ ब्रास.

माळीमामांनी कागदाकडे पाहिलंही नाही. परसात एक फेरी मारली, चपलेने माती उकरली आणि म्हणाले, "दोन ट्रॉल्या सांगा."

"मामा, दीडच लागते. हे बघा."

"पाण्यानं बसती ना माती."

"बसली तर उठवू," मी म्हणालो. हा विनोद मला तेव्हा फार आवडला होता.

मातीवाल्याला फोनवर '१.५४' सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "साहेब, ट्रॉली एक ब्रासची. एक पाठवू का दोन?" शेवटी दुसरी अर्धीच भरायची ठरली, भाडं मात्र पूर्ण.

ट्रॉली फाटकातून आत शिरेना, म्हणून ढीग रस्त्यावर पडला. घनफुटाला अडीच घमेली धरली तर ३८५ घमेली होतात. त्यातली पहिली अकरा मी वाहिली, पुढचा हिशोब माझ्या कमरेने ठेवला. तेवढ्यात समोरच्या काकू तुळशीपुरती माती घ्यायला आल्या. शेजारचे कुंडीपुरती म्हणाले आणि टब घेऊन आले. टबात कुंडी नव्हती. नको कोणत्या तोंडाने म्हणणार? माझ्या सूत्रात लांबी, रुंदी, खोली होती, शेजारी नव्हते.

आठवड्याने पाऊस झाला. मामांनी मातीत बोट खुपसलं, ते खालच्या विटेला लागलं. बोट वर काढून त्यांनी मला दाखवलं, वरची दोन पेरं कोरडी होती. बोलले काही नाहीत. तेच जास्त लागलं.

"अर्धा ब्रास पाठवा," मी पुन्हा फोन केला.

"साहेब, अर्ध्यासाठी ट्रॅक्टर नाही निघत आता. पेरणीचे दिवस."

पूर्ण ट्रॉली आली. परस भरून उरलेला ढीग फाटकाबाहेर आहे, त्यावर गल्लीतलं कुत्रं झोपतं. काल संध्याकाळी मी स्वतः टब घेऊन शेजारी गेलो. "कुंड्यांना माती हवी होती ना तुम्हाला?"

"अहो, भरपूर झाली," ते म्हणाले. "तुम्हाला देऊ का थोडी?"