आधी एक तास, मग वावर

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात फवारणीच्या पंपात काय काय पडणार, हे ठरवतं कोण? कृषी विद्यापीठ नाही, कृषी विभाग नाही, डब्यातलं माहितीपत्रकही नाही. जुलैत चार दिवस उघडीप मिळते, निंदणाला मजूर मिळत नाही, आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर दोन मिनिटांत निर्णय होतो. रुंद पानाच्या गवताचं एक औषध, अरुंद पानाच्या गवताचं दुसरं, सोबत अळीचं, वरून 19:19:19 आणि टॉनिक. सगळं एकाच पंपात. चार-पाच दिवसांनी सोयाबीन पिवळं पडलं की त्याच काउंटरवर उत्तर मिळतं: झटका बसला, आठ दिवसांत सुधारेल.

मिश्रण करूच नये, असं मी म्हणत नाही. तणनाशकांची जोडी लावायला कारण आहे. क्विझालोफॉप इथाइल फक्त गवतवर्गीय तणं मारतं; केना आणि कुंजरू त्याला दाद देत नाहीत. पेरणीनंतरचे पहिले तीस-पंचेचाळीस दिवस वावर तणमुक्त राहिलं नाही, तर उतारा घटतो. त्या दिवसांत पाऊस डवऱ्याला वाफसा देत नाही. मग दोन औषधं एकत्र मारून मजुरी आणि वेळ वाचवणारा कास्तकार शहाणपणाच करतो. कंपन्यांची तयार मिश्रणंही बाजारात आहेत. त्यांत दोन घटकांचं प्रमाण, मात्रा आणि पीक तपासून नोंदणी झालेली असते. काउंटरवर जुळवलेल्या चार बाटल्यांची अशी तपासणी कुणी केलेली नसते. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

सोयाबीन इमॅझेथापायर हे तणनाशक सहन करतं, कारण पीक ते आपल्या पेशींत झपाट्यानं मोडून टाकतं. तणाला ते जमत नाही, म्हणून तण मरतं. पीक आणि तण यांच्यात फरक आहे तो या मोडण्याच्या वेगाचा. हा वेग सोबतचं दुसरं रसायन कमी करू शकतं. मक्यात हे सिद्ध झालं आहे: सल्फोनिल युरिया गटातल्या काही तणनाशकांबरोबर ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक आलं, की मक्याची औषध पचवण्याची यंत्रणाच अडते आणि पीक भाजतं. उलटही घडतं. रुंद पानाच्या तणाचं औषध सोबत असलं की काही जोड्यांत गवताचं औषध ढिलं पडतं. मग पैसे दोन औषधांचे जातात आणि शिप्पी उभीच राहते.

आता हरळीचं पाहा. आपण जिला धुऱ्यावरून खणून काढतो, तीच हरळी अमेरिकेत गोल्फच्या मैदानांवर लावतात. तिच्यात नाचणीच्या कुळातलं एक चिवट तण माजतं. टोप्रामेझोननं ते मरतं, पण हरळीही पांढरी पडते. तिचा हिरवा रंग जाऊ नये म्हणून व्हर्जिनिया टेकसारख्या विद्यापीठांनी प्रयोग केले. टोप्रामेझोनची मात्रा कमी केली, मेट्रिब्युझिनची जोड दिली, फवारणीनंतर किती मिनिटांनी पाणी दिलं तर पांढरेपणा कमी होतो हेसुद्धा मोजलं. ही दोन्ही तणनाशकं आपल्याकडेही विकली जातात, पहिलं मक्यासाठी, दुसरं सोयाबीनसह इतर पिकांसाठी. खेळाच्या मैदानाचा रंग चार दिवस उतरू नये म्हणून एवढी मेहनत होते. वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीनवर घरं चालतात, मुलांच्या फिया भरल्या जातात. त्याच्या पिवळेपणावर ‘सुधारेल’ एवढंच उत्तर मिळावं, हे मला मान्य नाही.

पंपातल्या मिश्रणाची किंमत विदर्भानं 2017 मध्ये मोजली आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, पण बाटल्या एकत्र ओतण्याची सवय हीच होती. औषध पिकावर पडण्याआधी पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर पडतं.

मग करायचं काय? जोडीतलं प्रत्येक औषध आपल्या पिकासाठी आहे का, हे आधी पाहा. वावरात तुरीचं आंतरपीक असेल तर फक्त सोयाबीनसाठी शिफारस असलेलं औषध तुरीला चालेल असं धरू नका. तण दोन ते चार पानांवर असताना आणि जमिनीत ओल असताना फवारा; पावसाच्या ताणात असलेल्या पिकावर तणनाशक मारू नका. शिफारस हेक्टरी 500 लिटर पाण्याची असेल तर पाणी अर्ध्यावर आणू नका. कीटकनाशक आणि टॉनिक वेगळ्या दिवशी मारा. हातमोजे घालून काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिश्रण करा, अर्धा तास ठेवा. फाटलं, गाठी धरल्या, तर ते पंपात जाऊ नये. बाटलीत नीट राहिलेलं मिश्रणही पीक भाजू शकतं. म्हणून आधी एका तासावर, म्हणजे पिकाच्या एकाच ओळीवर फवारा, आठवडाभर पाहा, मगच वावरात शिरा. आठवडा वाया जाईल असं वाटत असेल तर नोंदणी झालेलं तयार मिश्रण घ्या, लेबलावरच्या मात्रेनं.

सगळं ओझं कास्तकारावर टाकून चालणार नाही. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही छापा, असं कीटकनाशक नियम, 1971 सांगतात. ते भिंगाशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापा. जो विक्रेता मिश्रण सुचवतो, त्यानं ते बिलावर लिहून सही करावी. तोंडी सल्ल्याला जबाबदार कुणी नसतं. आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं व करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रानं सोयाबीन-तुरीत कोणती जोडी चालते, कोणती नाही, याची एक पानी यादी पेरणीआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. तालुका कृषी कार्यालयानं दर मंडळात एका वावरात त्या जोड्या शेजारी-शेजारी फवारून दाखवाव्यात. पुढच्या जूनआधी हे होऊ शकतं, आणि ते करवून घेण्याचा तगादा आपण आतापासून लावला पाहिजे.