पानं चारच्या पटीत

फोन आला तेव्हा मी दुधाच्या पातेल्यावर पहारा देत उभा होतो. "सर, 'संत तुकाराम'ची डीव्हीडी काढतोय. आत छोटी पुस्तिका देणार आहोत. तुमचा लेख हवाय, बाराशे शब्द." दूध उतू गेलं. जन्मभर शुक्रवारचा सिनेमा शनिवारी झोडपणाऱ्या माणसाला कुणी १९३६च्या सिनेमाबद्दल विचारलं, की दुधाकडे कुठलं लक्ष राहतंय?

"फक्त एक रिक्वेस्ट," पलीकडचा मुलगा म्हणाला, "एंडिंग सांगू नका."

तुकोबा शेवटी वैकुंठाला जातात, ही बातमी गेली पावणेचारशे वर्षं महाराष्ट्रात कुणापासून लपलेली नाही. पण मी 'बरं' म्हणालो. मानधनाचा विषय अजून निघायचा होता.

डीव्हीडीच्या डबीतला लेख हा समीक्षेतला सगळ्यात सुखाचा प्रकार. गिऱ्हाइकाचे पैसे मोजून झालेले असतात, त्यामुळे सिनेमा पाहावा की नाही, तारे किती, ही भानगड नाही. साखरपुडा उरकल्यावर मुलीचं कौतुक करायला उभ्या केलेल्या मामासारखं आपण बोलत सुटायचं. अमेरिकेत ही चाल जुनी. क्रायटेरियन नावाच्या कंपनीनं १९८४मध्ये 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' लेझरडिस्कवर आणले. 'किंग काँग'मध्ये तर रोनाल्ड हेव्हर नावाचे जाणकार सिनेमा चालू असताना शेजारी बसल्यासारखे बोलत राहतात. थेटरात असं कुणी बोललं तर मागची रांग त्याला गप्प बसवते. इथे लोक त्यासाठी जादा पैसे द्यायचे. लेझरडिस्क जेवणाच्या ताटाएवढी, वेष्टनावर लिहायला ऐसपैस जागा. डीव्हीडी बशीएवढी. समीक्षकाचा पान्हाही त्याच मापानं आटला.

मी बाराशेच्या जागी तीन हजार शब्द लिहिले. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा चेहरा, १९३७ची व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातली शाबासकी, सगळं आलं. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं लोक तुकोबांच्या गाथेत शोधत बसले, त्यावर एक पान खर्ची पडलं. पण जीव ओतला तो जिजाईच्या म्हशीवर. तुकोबा विठ्ठलात रमलेले, घर चालवते जिजाई आणि जिजाईचा सगळा भरवसा म्हशीवर, असा माझा सिद्धांत. या सिनेमात चमत्कार पुष्कळ आहेत, पण ते पटतात, कारण त्यांच्या शेजारी एक खरीखुरी म्हैस उभी आहे. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

"म्हशीपायी?" बायकोनं अंधारात विचारलं आणि कूस बदलली.

आठवड्यानं त्या मुलाचा पुन्हा फोन. "सर, लेख साडेनऊ पानं होतोय."

"मग?"

"मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. आठ, नाहीतर बारा."

"बारा करा."

"बारा केली तर डबी मिटत नाही."

दीड पान छाटायचं होतं. व्हेनिसला हात लावायची माझी छाती होईना. आठवल्यांचं गाणं काढणं म्हणजे पाप. मीच गप्प झालो तेव्हा तो हळूच म्हणाला, "म्हशीचा पार्ट काढू का, सर? स्टोरीला काही फरक पडत नाही."

मी हो म्हणालो. कुणाच्या गोठ्यातली दुभती म्हैस सोडून दिल्यासारखं वाटलं, पण म्हणालो.

पुस्तिका आली. टाइप असा बारीक, की औषधाच्या बाटलीवरची अक्षरं ठळक वाटावीत. मधल्या पानावर पागनीसांचा फोटो आणि पिन गेलेली थेट त्यांच्या कपाळातून, पण नेमकी गंधाच्या जागी, त्यामुळे कुणालाच खटकली नाही. मानधन म्हणून पाच प्रती मिळाल्या. आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर नाही. लॅपटॉपलाही डिस्क सरकवायची फट नाही. माझा लेख कुठल्या सिनेमासोबत आलाय, हे मला डबीवरच्या चित्रावरूनच काय ते कळत होतं.

एक प्रत बायकोच्या आत्यांना नेऊन दिली. वय शहाऐंशी. त्यांनी हा सिनेमा लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. एकच मशीन, रीळ बदलेपर्यंत अंधारात शेंगा खात बसायचं.

"मला कुठलं दिसतंय एवढं बारीक," त्या म्हणाल्या. "तुम्हीच वाचा."

मी घसा साफ करून वाचायला लागलो. व्हेनिसला त्यांनी जांभई दिली. पागनीसांचं नाव येताच हात जोडले. आठवल्यांच्या गाण्यापाशी तर मला थांबवून ते अख्खं म्हणून दाखवलं. पुढे आठवं पान संपलं, मी पुस्तिका मिटली, तरी त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"छान लिहिलंय हो, जावईबापू." त्यांनी पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली, मधली दोन पानं चिकटलीत की काय म्हणून नखानं सोडवून पाहिली. "पण म्हैस कुठाय?"