करोडपती व्हा, पस्तीस हजारांत

सुट्टीत परदेशी जायचं ठरवलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या कुटुंबाने सर्वात आधी एक गोष्ट आपापसात नक्की करून घ्यावी : आपल्याला देश बघायचा आहे की दर? देश बघायचा असेल तर हे मार्गदर्शन आपल्या कामाचं नाही. दर बघायचा असेल तर पद्धत सोपी आहे. मोबाइलवर 'एक रुपया म्हणजे किती' असं टाकावं, उत्तरात ज्या देशापुढे सर्वात मोठा आकडा दिसेल तो देश निवडावा, आणि तिथे काय आहे हे विमानात बसल्यावर वाचावं.

या कसोटीवर आपल्याकडे सध्या व्हिएतनाम जिंकतं. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग. इंडोनेशियाचे रुपिया पावणेदोनशेच्या वर, उझबेकिस्तानचे सोम शंभराच्या वर. इराणचा रियाल या सगळ्यांच्या पुढे आहे, पण घरचे तयार होत नाहीत. म्हणून व्हिएतनाम. पस्तीस हजार रुपये मोजले की साधारण एक कोटी डोंग हातात पडतात. सिडकोत एन-तीनला राहून तीस वर्षं नोकरी केली, जे झालं नाही ते हनोईच्या विमानतळावर चार मिनिटांत होतं. फोटो तिथेच काढून घ्यावा. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाला पाच लाख मागतो आणि करोडपतीपण तिथूनच ओसरायला लागतं.

नोटा सांभाळण्याबद्दल इथेच सांगून ठेवतो. व्हिएतनामची वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळीच असते. पहिली सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. संध्याकाळच्या उजेडात नारळपाणी घेताना कोणती दिली हे हॉटेलवर आल्यावर कळतं, आणि मग उरलेली सहल 'मी म्हटलं होतं ना' या विषयावर होते. कुटुंबातल्या ज्या व्यक्तीने लग्नात आहेराची पाकिटं सांभाळलेली आहेत, तिच्याकडेच सगळी रोकड द्यावी.

आता पात्रतेबद्दल. पुण्या-मुंबईचे लोक परदेशी चलनाच्या गप्पा मारायला लागले की आपल्याकडची माणसं उगाच दबून जातात. काही कारण नाही. चलनाच्या बाबतीत आपलं घराणं जुनं आहे. १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला आणून तिला दौलताबाद करणाऱ्या महंमद तुघलकाने दोन-तीन वर्षांत तांब्या-पितळेची नाणी काढली आणि फर्मान सोडलं की ही चांदीच्या टंक्याइतकीच धरावीत. दर अत्यंत अनुकूल होता. भांड्याच्या भावात चांदी. लोकांनी दराचा लाभ घेतला, म्हणजे घरोघरी नाणी पाडली. दूरच्या व्यापाऱ्यांनी मात्र त्या नाण्याची किंमत तांब्याइतकीच धरली. शेवटी सुलतानाला ती सगळी खजिन्यात परत घेऊन बदल्यात खरी चांदी मोजावी लागली. समृद्धी महामार्गाने मुंबईच्या विमानतळाकडे निघालात की माळीवाड्याजवळ डाव्या-उजव्या बाजूला मान वळवून किल्ला शोधावा. फर्मानाने ठरवलेला दर आणि बाजारात मिळणारा दर यांतला फरक त्याच काळात ठरला, आणि मनी चेंजर आजही तोच कापतो.

तुघलक लांबचा वाटत असेल तर आजोबांना विचारावं. आपलं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हालींना सहा कलदार असा हिशेब. आणि बारकाईने पाहायचं तर शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. मनमाड इंग्रजी मुलखात. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम. तेव्हा मनमाडला सोयरीक पाहायला जाणं ही रीतसर विदेशवारी होती : चलन बदला, जकात चुकवा किंवा भरा, आणि परत आल्यावर 'तिकडे सगळं महाग' असं सांगा. दराच्या हिशेबाने मनमाडकराला मात्र आपलं शहर स्वस्त पडायला हवं होतं. तसं खरोखर पडलं का, याचा अंदाज दुकानदाराच्या पहिल्या प्रश्नावरून येतो. तो भाव सांगण्याआधी विचारायचा, हाली की कलदार? निजामाचं संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, पण हाली त्यानंतरही दशकभर रेंगाळला. तो गेला १९५९ मध्ये. म्हणजे ज्या शहरातल्या लोकांनी परवापरवापर्यंत दोन रुपयांमध्ये संसार केला, त्यांना फॉरेक्स कार्ड शिकवायला कोणी येऊ नये.

तर मुद्दा असा की समोरचा दुकानदारही दर पाहतो. एका रुपयाला तीनशे डोंग मिळतात हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं एका वाडग्यातल्या नूडल्सचे पन्नास हजार घ्यायचे हे त्याला माहीत असतं. पन्नास हजार म्हणजे एकशेसत्तर रुपये. वाईट नाही, पण औरंगपुऱ्यात त्यात दोघांचं पोट भरून वर चहा होतो. शून्यं मोजून पोट भरत नाही हे व्हिएतनामी लोकांना आपल्या आधी कळलेलं असल्यामुळे ते मेनूवर शून्यं लिहीतच नाहीत. पन्नास लिहून पुढे हजाराची खूण करतात. चुकून पन्नास डोंग समजून खुशीत ऑर्डर देणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे, त्यांच्याबद्दल इथे बोलत नाही.

म्हणून देशाची खरी पारख करायला काहीतरी एक वस्तू धरावी लागते. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ मध्ये बर्गर धरला आणि देशोदेशींच्या चलनांची तुलना सुरू केली. आपल्याला बर्गरचं काय? ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे पंचांगासारखं पाहावं लागतं, तिथल्या माणसाने पाणीच धरावं. बाटलीबंद पाणी आपल्याकडे वीसेक रुपयांना. व्हिएतनाममध्ये पर्यटकांच्या गर्दीच्या जागी तीच बाटली दहा हजार डोंगांना, म्हणजे तीस-पस्तीस रुपयांना. थायलंडचा बाट आपल्या रुपयाच्या अडीच-तीन पट मोठा, म्हणजे दर सरळसरळ प्रतिकूल. तिथल्या सेव्हन-इलेव्हनमध्ये लहान बाटली सात-आठ बाटांना, वीस-बावीस रुपयांना. आता अनुकूल कोण आणि प्रतिकूल कोण? जपानमध्ये एका रुपयाला पावणेदोन येन मिळतात, म्हणून आपण 'रुपया मोठा' असं म्हणत छाती फुगवून जातो, आणि रस्त्यावरच्या यंत्रातून पाणी काढलं की साठ-सत्तर रुपये गेलेले असतात. बाटलीचा आकार दर देशात वेगळा असतो, हे या निर्देशांकातलं वैगुण्य आहे. जाणकारांनी घरून तांब्या न्यावा.

याच निर्देशांकाचा दुसरा भाग हॉटेलच्या न्हाणीघरात तपासायचा असतो. चोवीस तास पाणी, तेही गरम. पहिल्या दिवशी मंडळी दोन-दोनदा अंघोळ करतात आणि तळमजल्यावरचा फुकटचा नाश्ता चुकवतात. अंघोळी परवडतात का, हे दर पाहण्याआधी पाहावं.

आता खर्चाची खरी रचना. ही बाब ट्रॅव्हल्सवाले शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापतात, म्हणून इथे मधोमध घेतो. डोंग तीनशे असो की तीन हजार, मुंबई ते हनोई विमानाचं तिकीट रुपयांतच काढायचं असतं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून नियमित परदेशी विमान सुटत नाही, त्यामुळे मुंबईपर्यंतची गाडी, समृद्धीचा टोल, अंधेरीला एका रात्रीचा मुक्काम किंवा मावशीकडे एका रात्रीचा मुक्काम (दुसरा महाग पडतो, मावशीसाठी पैठणी न्यावी लागते), हे सगळं रुपयांत. व्हिएतनामचा ई-व्हिसा पंचवीस डॉलरचा. डॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदी ओलांडली, म्हणजे तिथे दर आपल्या विरुद्ध. प्रवासविमा रुपयांत. नवीन बॅगा गुलमंडीतून, घासाघीस करून, रुपयांत. पॅकेजवर टीसीएस नावाचा आगाऊ कर घेतला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, पण तोपर्यंत गेलेलाच वाटतो. एवढं सगळं झाल्यावर अनुकूल दराला जे काही उरतं ते म्हणजे दुपारचं जेवण, नौकाविहार आणि शंकूच्या आकाराची टोपी. त्यातलं दुपारचं जेवण आपण घरून आणलेल्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावतो. उरली टोपी. टोपीवर मात्र बचत भरपूर होते.

शून्यांचा मोह ज्यांना नाही, अशा सत्शील माणसांसाठी शेजारी दोन देश आहेत. नेपाळमध्ये आपल्या एका रुपयाला एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून हललेला नाही. गणित करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. भूतानचा न्गुल्त्रुम रुपयाला एकास एक बांधलेला आहे, त्यामुळे दराचा काही फायदा नाही आणि तोटाही नाही. पण भूतानमध्ये भारतीयालाही रात्रीचे बाराशे रुपये शाश्वत विकासासाठी द्यावे लागतात. निव्वळ रात्र झाल्याबद्दल. चौघांच्या कुटुंबाने याचा विचार करून ठेवावा, नाहीतर पाचव्या रात्री घरात शाश्वत विकासाबद्दल वाईट बोललं जातं.

एक सूचना मात्र गंभीरपणे पाळावी, कारण यात खरोखर पैसे जातात. तिकडे कार्ड घासलं की यंत्र विचारतं, बिल तुमच्या रुपयांत करू की इथल्या चलनात? रुपये दिसले की आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं आणि बोट तिकडेच जातं. जाऊ देऊ नये. रुपये निवडले की दर ते यंत्रवाले लावतात, आपल्या बँकेचा दर बाजूला राहतो. तिथलंच चलन निवडावं. आणि सोबत नेलेल्या डॉलरच्या नोटा कोऱ्या, बिनघडीच्या असाव्यात. आपल्याकडे नोट घडी करून कमरेला खोचायची पद्धत आहे, ती तिकडच्या काउंटरवर खपत नाही. घडीची नोट ते उजेडात धरतात, नखाने खरवडतात, आणि मग दुसरी आहे का असं विचारतात.

'कुठले तुम्ही?' या प्रश्नाचीही तयारी असावी. पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर, आणि गुगलवर औरंगाबाद शोधलं तर मधूनच बिहारमधलं उगवतं. परदेशी माणसाला एवढं समजावत बसू नये. अजिंठा म्हणावं. त्याला लगेच कळतं, आणि बऱ्याचदा तो येऊन गेलेला असतो.

कारण स्वस्त परदेश म्हणून आपलंच गाव कितीतरी जण निवडतात. वेरूळला भारतीयाला तिकीट चाळीस रुपये आणि परदेशी पाहुण्याला सहाशे. आपल्याला हे पाहून त्याची कीव येते, पण त्याच्या हिशेबाने ते सहा-सात डॉलर होतात आणि त्यात एका दगडातून कोरलेलं अख्खं कैलास लेणं मिळतं. त्याहून मजेचा हिशेब थाई माणसाचा. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना पुरातत्त्व खात्याचा दर भारतीयांचाच. म्हणजे बँकॉकचा माणूस वेरूळला चाळीस रुपयांत, त्याच्या चौदा-पंधरा बाटांत आत जातो. आपण बँकॉकला गेलो की राजवाड्याचे पाचशे बाट, चौदाशे रुपये, माणशी. थाई नागरिकाला तो राजवाडा फुकट. जागतिक व्यापारात आपलं काय चुकतं हे दिल्लीत कोणी शोधत असेल तर त्यांनी मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी वेरूळच्या खिडकीशी उभं राहावं. मंगळवारी लेणी बंद असतात.

परत आल्यावरची कामं दोनच. पहिलं, उत्तर तयार ठेवणं. नातेवाईक विमानतळावरचे फोटो बघत नाहीत, ते विचारतात, 'पडलं किती?' इथे आकडा डोंगमध्ये सांगावा. दोन कोटी नव्वद लाख म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि रुपयांत विचारायचं विसरतो. कोणी हिशेबी निघालाच तर त्याला तिकीट, टॅक्सी, बॅगा आणि मावशीची पैठणी वगळून आकडा द्यावा.

दुसरं काम उरलेल्या नोटांचं. पाच-दहा नोटा खिशात राहतातच, आणि एवढ्याशा रकमेसाठी चलन बदलायला जाण्याचं रिक्षाभाडं रकमेपेक्षा जास्त होतं. त्या जपून ठेवाव्यात, वैशाखात कामाला येतात. जालना रोडच्या एखाद्या मंगल कार्यालयात, दाराशी वही घेऊन बसलेल्या काकांच्या हातात वीस हजारांची एक निळी नोट उघडीच द्यावी, पाकिटात नको. काका चष्मा वर करून शून्यं मोजतात, नाव विचारतात आणि आकडा लिहून घेतात. चलन कोणतं, असा रकाना आपल्याकडच्या आहेराच्या वहीत नसतो. आणि पुढच्या वर्षी आपल्या घरच्या कार्याला ती मंडळी आहेर करायला येतात, तेव्हा वही बघूनच येतात.