शहरतज्ज्ञ व्हा! नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

पूर्वी शहराविषयी मत द्यायला नगररचनेची पदवी लागायची. आता मुंबईत स्वतःचं घर असणं किंवा ते परवडत नसणं, यांपैकी एक अट पुरी केली की भागतं. म्हणजे पात्रतेत सगळेच बसतात. तरीही 'मुंबई आता पूर्वीची राहिली नाही' एवढं म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही; ते टॅक्सीवालाही म्हणतो. तज्ज्ञाला तेच वाक्य पाऊण तास म्हणता आलं पाहिजे.

साहित्य : मोडकळीला आलेली चाळ, एक. तिच्यासमोर काचेचा टॉवर, एक (नसल्यास दोन वर्षं थांबा, येईल). झिजले तरी चालतील असे बूट. परदेशी नावं, चवीपुरती.

पायरी १ : नावं पाठ करा

चार नावं पुरतात. फ्रान्सचे आंरी लफेव्र यांनी १९६८मध्ये 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली. शहर जे राबून घडवतात, त्याचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच, असा तिचा मथितार्थ. आडनाव भरभर उच्चारा, समोरच्यालाही येत नसतं. रूथ ग्लास यांनी १९६४मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांत पैसेवाले शिरतात आणि मूळचे रहिवासी बाहेर पडतात, या प्रकाराला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिलं. जेन जेकब्स यांनी १९६१च्या पुस्तकात सांगितलं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते खिडकीतून, दुकानातून सहज बाहेर पाहणारे लोक. गिरणगावात हे काम गॅलरीतल्या आजी करायच्या. कोण कुणाकडे कधी आलं आणि पिशवीत काय होतं, याची नोंद त्यांच्याकडे असे. फक्त त्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

चौथं नाव पॅट्रिक गेडिस. हे राखून ठेवा, सभेत टाळी हमखास. हे स्कॉटिश गृहस्थ १९१९पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं, की आधी गावात हिंडा, माणसं बघा, दुखणं ओळखा आणि मग कापाकापी करायचीच तर कमीत कमी करा. गेडिस हे मुंबईतच बसून सांगत होते, म्हणून मुंबईनं फारसं मनावर घेतलं नाही.

पायरी २ : जागा निवडा

लोअर परळला उतरा. टॉवरच्या जाहिरातीत याच परिसराला 'अप्पर वरळी' म्हटलेलं आढळेल. वडाळाही असाच जाहिरातीपुरता 'न्यू कफ परेड' होतो. गोंधळू नका, स्टेशन तेच आहे.

इथे गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार संपावर गेले, सुमारे अडीच लाख. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, असं जुने कामगार अजून सांगतात. संप विरला, कामगार गावी गेले, मुलं मिळेल त्या कामाला लागली. गिरण्या आजारी पडल्या. गिरणीखालची जमीन मात्र ठणठणीत होती, दिवसेंदिवस बाळसं धरत होती.

नवशिका इथे गिरणीचा 'भोंगा' या विषयावर हळवा होतो. मोह आवरा. भोंग्यावर लिहून झालं आहे, पुष्कळ. तुम्ही जमिनीवर लिहा.

पायरी ३ : तिसऱ्या हिश्श्याचं गणित सोडवा

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा विकास करताना ढोबळमानानं तीन वाटे पडायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे सगळ्या जमिनीचे पडणार नाहीत, गिरणीच्या आवारात जी जागा आधीपासून मोकळी होती तिचेच पडतील. भाकरीचे तीन वाटे ठरले होते; ताट पुढे आल्यावर कळलं की वाटणी फक्त ताटात सांडलेल्या तुकड्यांची आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही दुरुस्ती उचलून धरली.

धडा असा, की आधुनिक शहर घडवणारं वाक्य पुस्तकात सापडत नाही. ते नियमावलीच्या पोटकलमात, बहुधा स्पष्टीकरणाच्या ओळीत असतं. तेव्हा लफेव्र वाचाच, पण राजपत्र आधी वाचा.

गृहपाठ : घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस लाखावर आहेत. त्यांतल्या अनेकांपुढे आता शेलू-वांगणीच्या घरांचा पर्याय ठेवला गेला आहे आणि त्याविरुद्ध ते आझाद मैदानात येऊन बसलेही होते. शेलू-वांगणी परळपासून किती लांब आहे ते नकाशावर मोजू नका. सकाळी आठच्या कर्जत लोकलनं मोजा.

पायरी ४ : पुलावर उभे राहा

ही पायरी विनोदाची नाही. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, मॉल आले, वृत्तवाहिन्या आल्या. पण माणसं उतरायची ती स्टेशनं आणि त्यांचे जिने गिरण्यांच्याच काळातले राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळच्या पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. पुढे लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला गेला. २०१८मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

टॉवरला परवानगी देताना मजले मोजले जातात, पार्किंग मोजलं जातं. त्या टॉवरमध्ये कामाला येणारा कारकून, हाउसकीपिंगची बाई, डिलिव्हरीचा पोरगा लोकलनं येणार, कुठल्या जिन्यानं उतरणार, हे मोजायचा रकाना अर्जात ठळक नसतो. तुमच्या वहीत तो असू द्या.

पायरी ५ : चाळीच्या मीटिंगला बसा

नगररचनेचं खरं विद्यापीठ रविवारी सकाळी दहाला, चाळीच्या चौकात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर भरतं. विद्यापीठीय विद्वान ज्या शब्दांना अडखळतात ते इथे पाचवी पास माणूस सहज फेकतो. "आपलं तेहेतीस सातमध्ये बसतंय की तेहेतीस नऊमध्ये?" हे रोगाचं नाव नव्हे, विकास नियमावलीतली कलमं आहेत. ३३(७) म्हणजे उपकरप्राप्त जुन्या इमारतींचा पुनर्विकास, ३३(९) म्हणजे अनेक इमारतींचा समूह पुनर्विकास, ३३(१०) म्हणजे झोपडपट्टी. यापुढे फंजिबल, कॉर्पस, कार्पेट, ट्रान्झिट, भाड्याचा चेक. बिल्डरचा माणूस लॅपटॉप उघडून चित्र दाखवतो. चित्रात कारंजं असतं, गोरी बाई कुत्रा फिरवत असते. चाळीतलं कुणीही चित्रात नसतं.

मग मागच्या रांगेतून एक काकू विचारतात, "संडास घरात आहे ना?"

आहे, असं उत्तर येतं. अर्धी मीटिंग तिथेच संपते.

इथे तुमची परीक्षा आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात चार पिढ्या, पोटमाळा, मोरी आणि पाहुणे. बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. अशा वेळी तज्ज्ञानं उभं राहून 'गॅलरीतल्या सामूहिक जीवनाचा ऱ्हास' या विषयावर बोलू नये. ज्यांनी रात्री दोन वाजता बादली घेऊन त्या गॅलरीच्या टोकापर्यंत चकरा मारल्या, त्यांना तिची किंमत तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तरी एक गोष्ट टिपून ठेवा. एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉटवर किती बांधता येईल हे ठरवणारा आकडा. इमारतीतलं काय त्यात मोजायचं आणि काय नाही, यावर शहराचा चेहरा ठरतो. गाड्यांसाठी लागणारी जागा त्यात मोजली जात नाही, म्हणून नव्या टॉवरचे खालचे कित्येक मजले गाड्यांचे. रस्त्यावरून मान वर केली की आधी जाळी दिसते, मग पार्किंग, आणि माणूस दिसायला लागेपर्यंत मान दुखते. सार्वजनिक गॅलरी कुणाला विकता येत नाही, त्यामुळे ती आराखड्यात कुणी घालत नाही. न मोजलेलं फुगतं, न विकलेलं आटतं. जेन जेकब्सची ती रस्त्यावरची नजर आता होंडा सिटीच्या हेडलाइटची असते, तीही बंद.

पायरी ६ : चाला

युरोपात शहर समजून घ्यायला निरुद्देश भटकणारा माणूस फार प्रतिष्ठित मानतात. आपल्याकडे निरुद्देश भटकणाऱ्याला वॉचमन हटकतो. तरी प्रयत्न करा. फूटपाथ हा प्रकार टप्प्याटप्प्यानं येतो. मध्ये गटाराचं झाकण, केबलचं भेंडोळं, वडापाव. चालणाऱ्यांसाठी २००८पासून स्कायवॉक बांधले, म्हणजे रस्ता गाड्यांना मोकळा झाला. पुढे २०२४मध्ये शहराला दोन भव्य रस्ते मिळाले. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यावर चालायला नाही, दुचाकीला नाही, रिक्षालाही नाही. किनारी रस्त्यावरही दुचाकी-तिचाकीला मज्जाव. शहरातला सर्वांत मोकळा वारा चारचाकीच्या काचेआड वाहतो, तोही एसीमधून.

चालताना एक आकडा पाठ म्हणा. २००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मुंबईची लोकसंख्या सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. टॉवर चढत होते आणि माणसं उतरत होती, त्याच दहा वर्षांत.

नेहमी होणाऱ्या चुका

एक, सगळा दोष बिल्डरवर टाकणं. सोयीचं आहे, पण त्यानं बांधलेले फ्लॅट कुणी तरी घेतलेले असतात आणि घेणारे बहुधा आपल्याच ओळखीचे निघतात. दोन, शांघायशी तुलना. मुंबईचं शांघाय करायचं ठरून बरीच वर्षं झाली. मुंबईनं त्याला रीतसर हरकत नोंदवली नाही, फक्त दर पावसाळ्यात हिंदमाता चौकात पाणी भरून उत्तर दिलं. तीन, चाळ म्हणजे स्वर्ग आणि टॉवर म्हणजे नरक असा निबंध. दोन्हींत माणसं राहतात आणि दोन्हींत भांडणं होतात. चाळीत भांडण ऐकू यायचं, टॉवरमध्ये ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचावं लागतं.

अंतिम परीक्षा (वेळ : पाऊण तास)

प्रश्न एकच, अनिवार्य. एका चाळीचा पुनर्विकास झाला. जुन्या रहिवाशांना मागच्या बाजूचा रीहॅब टॉवर मिळाला, पुढच्या बाजूला विक्रीचा. बाविसाव्या मजल्यावर एक निवृत्त गिरणी कामगार आणि त्यांची पत्नी राहतात. देखभालीसाठी बिल्डरनं दिलेल्या कॉर्पस फंडाचं व्याज पुरेनासं झालं आहे. दोन लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि सिक्युरिटी मिळून मेंटेनन्स जुन्या भाड्याच्या कित्येक पट झाला आहे. शेजारच्यानं घर विकून बदलापूर गाठलं. या जोडप्यानं शहरात राहायचं की नाही, हे नेमकं कुणी आणि कोणत्या कागदावर ठरवलं?

उत्तर करारावर सह्या होण्याआधी, चाळीच्या चौकात, रहिवाशांच्या समोर द्यायचं आहे. सह्या झाल्यानंतर आलेली उत्तरं पीएचडीचा प्रबंध म्हणून स्वीकारली जातील.