परतीची तिकिटे

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेले आमचे एक स्नेही दिवसा जितके निर्भय असतात, तितकेच दिवेलागणीनंतर, म्हणजे लेखकपदावर रुजू होताच, भयभीत होतात. एखाद्या कुळाच्या अर्जावर प्रतिकूल शेरा मारताना ज्यांचा टाक क्षणभरही अडखळत नाही, तेच गृहस्थ घरी 'चंद्र उगवला' या दोन शब्दांपुढे तासभर चिंतामग्न बसतात आणि चंद्राने खरोखरच उगवावे की काय, याविषयी अखेर पत्नीचा अभिप्राय मागवतात.

माझाही मागतात. 'अगदी निर्भीडपणे सांगा हं!' असे बजावून ते कथा वाचू लागतात खरे, पण त्यांची दृष्टी कागदावर कमी आणि माझ्या भुवयांवर अधिक खिळलेली असते. एकदा वाचन चालू असता मी केवळ डास मारला, तर त्यांनी तो सबंध परिच्छेदच छाटला. स्तुती करावी, तर ती भिडेखातर केली असे त्यांना वाटते. दोष दाखवावा, तर ते थेट पूर्वसूरींच्या आश्रयाला जातात. ज्ञानेश्वरांनीसुद्धा स्वतःला चोचीने सागर मापू पाहणाऱ्या टिटवीची उपमा दिली आहे, असे ते सांगतात. त्या विनयानंतरच्या नऊ हजार ओव्यांचे काम तेवढे त्यांच्याकडून अद्याप व्हायचे आहे. केशवसुत १९०५ साली निवर्तले आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी १९१७ साली काढले, हा तर त्यांचा हुकमी दिलासा. 'म्हणजे तुमच्यामागे बारा वर्षे हा गठ्ठा मीच सांभाळायचा का?' असे पत्नीने विचारल्यापासून मात्र तो दिलासा ते दबक्या आवाजात देतात.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी लेखकाच्या आशेला एक मोसमच लावून दिला. त्या मोसमात आमच्या स्नेह्यांपुढे दरसाल एकच यक्षप्रश्न उभा राहतो: कथेसोबत परतीची तिकिटे जोडावीत की नाहीत? जोडली, तर आपणच आपल्या पराभवाचा खर्च आगाऊ भरला, असे होते; एकदा स्वाभिमानाने जोडली नाहीत, तर कथाही परत आली नाही आणि नकलेअभावी तिची वार्ताही उरली नाही. तेव्हापासून तिकिटे जातात आणि कथा 'साभार परत' येते. 'अहो, आम्ही कुळालासुद्धा नामंजुरीचे कारण देतो!' एवढीच त्यांची तक्रार.

यंदा मात्र चमत्कार घडला. कथा स्वीकारल्याचे संपादकांचे कार्ड घेऊन ते सकाळीच माझ्याकडे आले. पण मुद्रा सुतकी. मी अभिनंदन करताच त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि खोल गेलेल्या स्वरात म्हणाले,

'कथा ठेवून घेतली, ते ठीक. पण तिकिटेही ठेवून घेतली हो! पुढची परत पाठवण्याची तजवीज आताच केलेली दिसते.'